साखर गप्प होते तेव्हा

ध्वनिमुद्रण कक्षात काचेपलीकडे मुलीने व्हायोलिन हनुवटीखाली धरले, आणि काचेअलीकडे तिचे वडील खुर्चीत ताठ बसले. हातांना काम नसल्यामुळे ते त्यांनी मांड्यांवर उपडे ठेवले होते. समोरच्या विशाल पडद्यावरही वडीलच होते: पांढरा अंगरखा, कपाळाला पट्टी, पुढ्यात गॅसच्या ज्योतीवर जाड बुडाचे तांब्याचे पातेले आणि त्यात विरघळू लागलेली साखर. या वृद्ध आचाऱ्याच्या पाककलेवर दूरचित्रवाणीसाठी माहितीपट तयार झाला होता. आज त्यावर संगीत चढायचे होते.

“वाजवून बघू,” दिग्दर्शक माइकमध्ये म्हणाला. “नाहीच जमलं, तर वाद्यवृंदाचं तयार रेकॉर्डिंग आहे. वाहिनीला तेच हवंय. राग मानू नकोस.”

मुलीने मान हलवली. तिची दृष्टी मात्र वडिलांवर होती. तिच्या मैफली ज्या वेळी सुरू होत, त्याच वेळी त्यांच्या भटारखान्यात जेवणाऱ्यांची वर्दळ शिगेला पोहोचे. त्यामुळे तिचे वादन अखेरपर्यंत बसून ऐकण्याचा योग त्यांना कधी आला नव्हता. आज उपाहारगृह बंद होते.

दृश्य सुरू झाले. मुलीने खालचा एक गंभीर स्वर लावला.

“अरे, हे काय?” वडिलांनी पडद्याकडे बोट रोखले. “मी पातेलं असं वाकडं धरतो?”

“काका, ती वाजवतेय,” दिग्दर्शक हळूच म्हणाला.

“ऐकतोय की. पण माझ्या साखरेचा आवाज कुठाय?”

“काढून टाकला. त्यात पंख्याची घरघर होती, नळ होता आणि तुमच्या शिव्या होत्या. पोरंबाळं बघतात हो घराघरांत.”

“शिव्या काढा, माझं काही म्हणणं नाही. साखर कशाला मुकी केलीत?”

 दिग्दर्शकाने ते दृश्य मुद्दाम संथ केले होते. बुडबुडे फुगत, थबकत आणि मग सावकाश फुटत. साखरेला सोनेरी छटा आली. दिग्दर्शकाने आधीच सांगून ठेवले होते, रंग आला की सूर चढवायचा. तसा तो चढला, आणि चढतच गेला. सोनेरी रंग तांबूस झाला, तांबूस गडद होऊ लागला, तरी सूर खाली येईना.

वडील इतक्या वेगाने उठले की खुर्ची मागच्या भिंतीवर आदळली.

“बंद कर! करपतेय!”

त्यांचा हात समोरच्या यंत्रावरील एका गोल बटणावर पडला आणि सवयीनुसार तो फिरवून मोकळा झाला. खोलीतले व्हायोलिन तत्क्षणी नाहीसे झाले. काचेपलीकडे गज तारांवरून फिरतच होता. ऐकू मात्र काही येत नव्हते.

“काका, तो गॅस नाही,” यंत्रापाशी बसलेला ध्वनिमुद्रक हसू दाबत म्हणाला आणि त्याने बटण पुन्हा पूर्ववत केले.

वडिलांनी आपल्या हाताकडे पाहिले, आणि तो पाठीमागे नेला.

मुलीने वादन थांबवले. तिचा आवाज स्पीकरमधून आला, “बाबा, एकदा कुठे ऐकायला आलात, तर मलाच बंद केलंत?”

“तुला नाही गं चिमणे. साखरेला.” ते काचेजवळ गेले. दिग्दर्शकाने माइक त्यांच्यापुढे सरकवला. “लहानपणी ओट्याखाली बसून अभ्यास करायचीस. वर काही दिसायचं नाही तुला. तरी साखर झाली हे आधी तूच सांगायचीस. कशावरून?”

“आधी रटरटते. मग आवाज जड होतो. मग गप्प होते.”

“गप्प झाली की?”

“उतरवायची.”

“मग? ती बिचारी कधीची गप्प झाली, आणि तू आपली ओरडतेच आहेस.”

“ओरडायला मी सांगितलं होतं,” दिग्दर्शक म्हणाला. “रंग दिसला की लोकांना काहीतरी मोठं ऐकायचं असतं, काका.”

“मी माझ्या पद्धतीनं वाजवू का?” मुलीने विचारले.

दिग्दर्शकाने ध्वनिमुद्रकाकडे पाहिले, मग घड्याळाकडे. “वाजव. पण हे शेवटचं. नाहीतर वाद्यवृंद.”

वडिलांनी खुर्ची उचलली, पडद्याकडे पाठ आणि काचेकडे तोंड करून मांडली, आणि बसले.

“काका, पडदा मागे राहिला.”

“मी कसा दिसतो ते कळलं. ही कशी दिसते ते बघू दे.”

दृश्य पुन्हा सुरू झाले. या वेळी मुलीने आरंभीच गजाचे लहान, दाट फटकारे घेतले. एकात एक मिसळणारे, उतावळे. मग ते जड झाले. मग विरळ होत गेले. प्रत्येक स्वर मागच्याहून उशिरा येऊ लागला, आणि मधल्या रिकाम्या जागेत वडिलांचा श्वास ऐकू येऊ लागला. ते तिच्या मनगटाकडे पाहत होते. त्यांच्या मागे, पडद्यावर, साखरेला रंग चढत होता.

तिने गज तारांवरून उचलला. पुढचा स्वर आलाच नाही.

दिग्दर्शक काही सांगण्यासाठी माइककडे वाकला, आणि तसाच राहिला. वडिलांचा उजवा हात मांडीवरून उठला होता. तो पुढे झाला, आणि जेथे काहीच नव्हते तेथे, दोन बोटांच्या चिमटीत धरून, त्यांनी काहीतरी हलकेच फिरवले.

त्यांच्या पाठीमागे पडद्यावरची ज्योत विझली.