वीतभर उंच ओटा

“वैनी, ही गाठ चुकीच्या जागी पडल्याय,” पिराजी गवंडी म्हणाला. तिनं मापाला दिलेली सुतळी त्यानं भिंतीला लावून पुन्हा एकदा बघितली. “एवढ्या उंचीवर ओटा घेतला तर तुमच्या बरगड्यांना लागंल की.”

“लागू द्या,” महादेवी म्हणाली. “गाठ हाय तिथंच फरशी बसवा.”

पिराजीला हसावं की रडावं कळेना. पंचवीस वर्षं त्यानं मुरुम गावाच्या आसपास भिंती उभ्या केल्या होत्या, पण उभ्यानं स्वयंपाक करायचा ओटा त्याच्या हातून हा पहिलाच. गावातल्या बायका चुलीपुढं बसूनच भाकरी थापायच्या. महादेवीनं साखर कारखान्याच्या कॉलनीत तसला ओटा पाहिला आणि तेव्हापासून तिनं ध्यासच घेतला.

तोही असल्या साली! श्याऐंशीचा उन्हाळा. विहिरी तळाला गेलेल्या, टँकर आला की घागरींची झुंबड. अशात कोण शहाणं माणूस बांधकाम काढतं? पिराजीच्या हाताला चार महिने थापी लागली नव्हती, म्हणून तर तिच्या एका निरोपावर तो धावत आला. हा ओटा साधला की आणखी दहा घरांतून बोलावणं येईल, एवढीच त्याची आशा होती.

“पाऊस पडस्तोवर थांबा की,” पहिल्या दिवशी तो म्हणाला होता. “गिलाव्याला पाणी कुठनं आणायचं?”

“तेवढं थांबायला जमायचं न्हाय. अंघोळीचं पाणी साठवून ठेवते म्या.”

आणि तिनं खरंच ठेवलं. रोज सकाळी ते गढूळ पाणी ती ओल्या गिलाव्यावर शिंपडायची आणि मग भिंतीला टेकून बराच वेळ बसून राहायची. दर मंगळवारी एसटीनं उमरग्याला जायची आणि येताना पिशवीतून काचेच्या बरण्या आणायची. घरात पितळेचे चांगले डबे पडलेले असताना!

“आत काय हाय ते उघडल्याबिगर दिसायला पायजे,” ती म्हणायची.

बाईला शहराचं वारं लागलंय, पिराजीनं मनाशी ठरवून टाकलं. तिच्या मागण्याही तसल्याच. चूल मोडून ओट्यावर स्टोला जागा करा. दाराची चौकट हातभर वर घ्या, आत उजेड येऊ द्या. दाराशेजारी एक खुंटी ठोका. ओट्यासमोरच्या भिंतीत देवळी काढा.

“देव तर तुमचे माजघरात हायत,” पिराजी म्हणाला.

“असू द्या. हितं लागंल कधीतरी.”

तिचा नवरा शांतलिंग ओसरीवर रेडिओ ऐकत असायचा. पिराजीनं त्यालाच मध्ये घालून बघितलं. “अण्णा, तुमी तरी सांगा वैनीला. ओटा वीतभर उंच व्हतोय.”

“चुलीपाशी आमचं काय काम?” शांतलिंग म्हणाला आणि तुळईला डोकं लागू नये म्हणून मान वाकवून उठला. त्याचं खरंच होतं. लग्नाला तीस वर्षं झाली, पण पाण्याचा तांब्यासुद्धा त्याला जागेवर लागायचा.

ओटा झाला. शहाबादी फरशी आरशासारखी गुळगुळीत बसली. शेजारच्या सारजाबाई चार बायका घेऊन बघायला आल्या, तर महादेवी पाटावर चढून स्टो पेटवत होती. बायकांनी तोंडाला पदर लावला, पण हसू काही लपलं नाही.

दुसऱ्या दिवशी गावभर झालं, पिराजीनं कमरेचा ओटा छातीला बांधला म्हणून. घराचं काम काढणार होते त्या मास्तरांनी नळदुर्गचा गवंडी बोलावला. दुसऱ्या कुणी तर विचारलंसुद्धा नाही.

पिराजीच्या अंगाचा तिळपापड झाला. मुरुमच्या हॉटेलात, भर माणसांत, तो बोलून गेला. “माप तिनंच दिलतं. लई हेकट बाई! डोकं ठिकाणावर न्हाय तिचं.”

ते दोन दिवसांत तिच्या कानावर गेलं. ती भांडायला आली नाही. सारजाबाईंच्या हाती तिनं लिंबाच्या लोणच्याची वाटी पाठवली. सोबत निरोप होता, “काम चोख झालंय म्हणावं. वाईट वाटून घेऊ नका.”

पिराजीनं ती वाटी न चाखताच झाकून ठेवून दिली.

गावात काम मिळेना म्हणून तो सोलापूरला गेला. पावसाळाभर दुसऱ्यांचे बंगले बांधले, पण जीव लागला नाही. काम गेलं त्याचं दुःख हळूहळू विरलं. बोललो त्याचं काही विरेना. गरिबाला ऐन दुष्काळात काम दिलं त्या बाईनं, आणि आपण तिला वेडी ठरवून मोकळे झालो. जाऊन माफी मागायची आणि एक पैसा न घेता ओटा खाली घेऊन द्यायचा, हे त्यानं पक्कं केलं.

दिवाळी झाल्यावर तो आला. एसटीतून उतरला तो घरी न जाता थेट तिच्या दारात. पिशवीत छिन्नी, हातोडा आणि ती गाठीची सुतळी होती. कुणी विचारलंच तर दाखवायला म्हणून त्यानं ती जपून ठेवली होती.

दार उघडं होतं. ओसरीवर रेडिओ नव्हता. आतून भाकरी थापल्याचा आवाज येत होता.

“वैनी, ओटा खाली घ्यायला आलोय,” तो बाहेरूनच म्हणाला. “आन् मागं बोललो ते पोटात घाला. लई चुकलं माझं.”

थापण्याचा आवाज जरा थांबला, मग पुन्हा सुरू झाला. अजून राग असणार, आणि असायलाच पाहिजे. चपला काढून पिराजी आत गेला.

खुंटीवर टोपी अडकवलेली होती. देवळीत महादेवीचा हार घातलेला फोटो होता. आणि ओट्यापाशी शांतलिंग उभा राहून, पिठानं माखलेल्या हातांनी, वाकडीतिकडी भाकरी थापत होता. फरशी बरोब्बर त्याच्या कमरेला येत होती.