डाव्या इंजिनावरचा जनरेटर

चौकशीची शेवटची फेरी सुरू झाली आणि वैमानिक दाबके पुन्हा जिवंत झाले. वैमानिकांच्या मनाची प्रत ठेवायची पद्धत पडल्यापासून तोच अपघात फेरीफेरीने पुन्हा घडवून त्याचा जाब मेलेल्यालाही विचारता येई. आपण मेलोय, हे फक्त त्याला ठाऊक नसे.

पडद्यावर त्यांचं जुनं लष्करी विमान डावीकडे कललं. दोनपैकी डावं इंजिन बंद पडलं होतं आणि जनरेटर त्याच इंजिनावर होता. उरलेल्या बॅटरीवर एक तर रेडिओ चालला असता, नाहीतर बंद पंख्याची पाती वाऱ्याला अडणार नाहीत अशी वळवून विमान तरंगतं ठेवता आलं असतं. त्या दिवशी पाती वळली नव्हती. दोष बॅटरी रेडिओवर घालवणाऱ्या दाबकेंचा की पाती वळवणाऱ्या यंत्राचा, एवढंच ठरायचं होतं.

"शेवटच्या फेरीत घरच्यांना बोलू देतो आम्ही," चौकशी अधिकारी कर्णिक म्हणाले.

दाबकेंच्या मुलीने माइक ओढला. "बाबा, मी शलाका."

"शलू? तुला टॉवरवर कुणी चढू दिलं?" ते हसले. "थांब, इथे जरा गंमत झालीय. रेडिओ बंद करतो."

"नको ना बाबा. बंद नको करूस."

"बरं. बोल."

ती बोलत राहिली. ते हुंकार देत राहिले, विमान जमिनीवर आदळेपर्यंत.

"रेडिओ चालू ठेवला. दोष वैमानिकाचा," कर्णिक म्हणाले.

"मी सांगितलं म्हणून! आधीच्या फेऱ्यांत?"

"प्रत्येक वेळी बंद केला होता. पण निकालाला शेवटचीच फेरी धरतात, बाई."

आणि त्यांनी दाबकेंची प्रत पुसायला घेतली.