घाई नाही

रखवालदाराने आतून कडी लावली, चिठ्ठ्यांची पेटी टेबलावर उपडी केली आणि चष्मा पुसला.

चिठ्ठ्या न वाचता जाळायच्या, असा त्या प्रार्थनागृहाचा नियम होता. लोकांनी देवाला लिहिलेलं देवानेच वाचावं. रखवालदार महिनाअखेरीला सगळ्या चिठ्ठ्या अगदी नियमाप्रमाणे मागच्या अंगणात जाळायचा. फक्त त्याआधी एकूण एक वाचून काढायचा.

यात चोंबडेपणा नव्हता, म्हणजे फारसा नव्हता. कुणाचं छप्पर गळत असेल तर तो सहज आल्यासारखा जायचा आणि शिडी मागायचा. कुणाला काम हवं असेल तर लाकडाच्या वखारीत शब्द टाकायचा. लोक मग देवाचे आभार मानायचे आणि हा शेवटच्या बाकावर बसून गालातल्या गालात हसायचा.

एका चिठ्ठीपुढे मात्र त्याचं काही चालत नव्हतं. ती शर्टाच्या कॉलरमध्ये घालतात तसल्या पुठ्ठ्याच्या पट्टीवर असायची, त्यामुळे कुणाची ते विचारायलाच नको. आधीच्या रखवालदाराची बायको शर्टांना बटणं लावायचं काम घरी आणायची. नवरा गेला तेव्हा किल्ल्यांचा जुडगा तिनेच याच्या हातात ठेवला होता. अजूनही दर शनिवारी ती बाकांवरच्या गाद्यांची उसवण शिवायला यायची आणि किल्ल्यांसकट सगळं तिच्यावर सोपवून हा निर्धास्त पाणी भरायला जायचा. तिच्या पट्टीवर दहा वर्षं तेच लिहिलेलं: ‘देवा, मी थांबले आहे. घाई नाही.’

कशासाठी थांबली आहे, ते कधी लिहायची नाही. पण या बाईबद्दल त्याला फार आदर होता. एकटा जीव, बोटांची सुईने चाळण झालेली, एका डोळ्यात मोतीबिंदू, आणि देवाशी बोलणं एवढं सबुरीचं. आपल्याला हे जमणार नाही, असं त्याला दर वेळी वाटायचं.

कारण त्याचंही एक मागणं होतं. अकरा वर्षांपूर्वी मुलीने आपल्या मनाने लग्न ठरवलं, तेव्हा ‘या घराचा उंबरा पुन्हा चढू नकोस’ असं त्याने तिला सुनावलं होतं. तीही बापाचीच मुलगी. चढली नाही. कुठे राहते, तेही त्याला कळवलं नाही. दर गुरुवारी तो पेटीत चिठ्ठी टाकायचा: ‘देवा, तिला सुबुद्धी दे. तिला परत पाठव.’

गंमत म्हणजे महिनाअखेरीच्या ढिगात त्याची स्वतःची चिठ्ठी कधी सापडायची नाही. पहिल्यांदा त्याने पेटी ठोकून पाहिली. मग त्याने मनाशी ठरवून टाकलं की आपली चिठ्ठी देव वरच्या वर उचलतो. इतकी वर्षं त्याचं घर झाडतो आहोत, तेवढी ओळख तो ठेवणारच.

या वर्षी छातीच्या दुखण्याने त्याला तीन आठवडे अंथरुणाला खिळवलं. पाणी द्यायलाही घरात कुणी नव्हतं. उठून कामावर आला तो देवावर रुसूनच. त्या शनिवारी तो पाणी भरायला गेला नाही. तिच्याजवळच्या बाकावर टेकला.

“वहिनी, इतकी वर्षं थांबलात कशा तुम्ही?”

विचारल्यावर त्याने जीभ चावली. पट्टी आपण वाचतो, हे तिला कळायला नको होतं. पण तिने मान वर केली नाही. टाका घालत राहिली.

“देव चालढकल करतोय असं नाही वाटत?” त्याने विचारलं.

“वाटतं कधीकधी,” ती म्हणाली. “मग मनात येतं, तोही कुणाची तरी वाट बघत असेल.”

तिने दाताने दोरा तोडला. “भावोजी, तुम्ही काय मागता ते मी विचारत नाही. पण पेटीत टाकण्याआधी एकदा वाचून बघत जा.”

गुरुवारी त्याने सवयीने चिठ्ठी लिहिली, घडी घातली आणि पुन्हा उलगडली. साऱ्या गावाच्या चिठ्ठ्या वाचणाऱ्याने स्वतःची कधी वाचली नव्हती. तिला सुबुद्धी दे. तिला. त्याने कागद चुरगळला. दुसरा घेतला. एवढ्याशा चिठ्ठीला दुपार झाली आणि लिहिताना तो रडला. ‘देवा, चूक माझी होती. मी हट्टाला पेटलो. ती आली नाही तरी चालेल, पण तिला एवढं कळू दे.’

महिनाअखेरीला त्याची चिठ्ठी पेटीत नव्हतीच. पण या खेपेस पुठ्ठ्याची पट्टीही नव्हती. तो तसाच तिच्या घरी गेला, तर दाराला कुलूप. बाई परगावी गेल्यात, एवढंच शेजारणीला ठाऊक होतं.

चार दिवसांनी सकाळी त्याचं दार वाजलं. दारात मुलगी उभी होती, उंबऱ्याच्या बाहेर. तिच्या केसांत एक बट पांढरी झाली होती. त्याने नुसता हात पुढे केला, आणि ती आत आली.

मग त्याला तिच्या मुठीतला कागद दिसला. अक्षर त्याचंच होतं. त्याचे हात आपोआप जोडले गेले. देवाने चिठ्ठी नेली ती थेट हिच्यापर्यंत.

“बटणवाल्या काकू घेऊन आल्या,” मुलगी म्हणाली. “दोन गाड्या बदलून. घर सोडताना मी पत्ता त्यांच्यापाशीच ठेवला होता.”

तो खाली बसला. तीही त्याच्याजवळ बसली.

“मी त्यांना विचारलं, अकरा वर्षांत बाबांनी ही एकच लिहिली का? तर म्हणाल्या, ‘पुष्कळ लिहिल्या, सगळ्या माझ्या ट्रंकेत आहेत. पण तुझ्या हातात द्यावी अशी ही पहिलीच. मी हिच्यासाठीच थांबले होते.’”