कोरा बोल्ट

सर्जेरावांची जीप बघताच वसंतरावांचा जळफळाट झाला. दोघांच्याही गाड्या महायुद्धातल्या, अमेरिकी सैन्यासाठी फोर्डनं बनवलेल्या. पण कोल्हापूरच्या प्रदर्शनात सगळी गर्दी कीर्तनाला जमावी तशी सर्जेरावांभोवती. अस्सलपणाच्या बक्षिसाची ढालही आता तेच नेणार!

अशा जीपच्या मूळ बोल्टांवर फोर्डचा इंग्रजी ‘एफ’ उमटवलेला असतो. वसंतरावांनी आपल्या गाडीला हुडकून हुडकून तेच बसवले होते. ते नव्या सदऱ्यानिशी सर्जेरावांच्या गाडीखाली शिरले आणि एकेक बोल्ट चाचपू लागले. मागच्या चाकापाशी एक कोरा लागला, तेव्हा त्यांना देव भेटल्याचा आनंद झाला.

“परीक्षक, इकडं या! हा बोल्ट बनावट आहे!”

“घावला व्हय?” सर्जेराव हरखून खाली वाकले. “आरं वश्या, एक खोटा हाय म्हणून मी सकाळीच त्यांना सांगितलंय. कुठं बसवला तेवढं आठवंना झालं होतं. लई उपकार झाले बघ!”

ढाल वसंतरावांना मिळाली. सगळ्यात जोरात टाळ्या सर्जेरावांनीच वाजवल्या, वर आपल्या रुमालानं त्यांच्या पाठीवरची माती झटकली.

वसंतरावांना वाटलं, सुटे भाग शोधून जीप उभी करता येते. पण असलं मन कुठल्या भंगारात मिळायचं?