नुसता आवाज

“तुमच्या वाट्याला नुसता आवाज आला होता,” डॉक्टरीणबाई फाइल मिटत म्हणाल्या.

कंपवाताच्या या प्रयोगात निम्म्या रुग्णांच्या मेंदूला, डोक्यावर धरलेल्या यंत्रातून, चुंबकाचे सौम्य ठोके मिळत होते. उरलेल्या निम्म्यांना फक्त यंत्राची टकटक ऐकू येत होती. कोण कुठल्या गटात, हे शेवटपर्यंत कळणार नव्हतं. तशा कागदावर नवराबायकोने सही केली होती.

“म्हणजे महिनाभर मला शेंडी लावलीत,” नवरा म्हणाला. आजाराने त्याचा चेहरा हलायचा बंद झाला होता, त्यामुळे ही थट्टा आहे हे फक्त बायकोला कळलं.

“पण घरी चालतात हो ते. सकाळी एकटे बाथरूमपर्यंत जातात.”

“इथल्या चाचणीत तरी काही फरक नाही. खऱ्या उपचारासाठी नाव घालते, पण चार महिने थांबावं लागेल.”

तिचं शिवणाचं पायमशीन दोन वर्षं खोळीखाली होतं. दारात आला की त्याचे पाय जमिनीला खिळायचे आणि हात धरायला तिला उठावं लागायचं. अशी दहादा उठबस करून कुणाचं शिवण पुरं होतं? उपचार सुरू झाले त्याच आठवड्यात, आता बरे होणार या भरवशावर, तिने खोळ काढली आणि एका शाळेच्या पडद्यांचं काम घेतलं. रोज सकाळी ती शिवायला बसायची. आणि खरंच, तो चालू लागला. पण उपचारच खोटे, तर हे चालणं किती दिवस टिकणार? आता हे कापड परत करायचं. चिडायचं तरी कोणावर? तिच्यात तेवढं त्राणही नव्हतं.

घरी आल्यावर तो स्वयंपाकघराच्या दारात अडकलाच.

“अगं, हात दे जरा.”

ती मशीनपाशी टेकली होती. एक पडदा अर्धवट होता, तो तसाच कसा परत करणार? “आले. एवढी कड शिवून होऊ दे,” ती म्हणाली. ताबडतोब उठली नाही, असं पहिल्यांदाच झालं. तिने पाय चालवला आणि मशीनची खटखट सुरू झाली.

मान वर केली तेव्हा तो खोलीच्या मधोमध आला होता. एकेक पाऊल नीट पडत होतं. तेवढ्यात दोरा तुटला. तिने मशीन थांबवलं. तोही जागच्या जागी थांबला.

तिने त्याच्या पायांकडे पाहिलं, मग स्वतःच्या.

“थांबलीस का?” तो म्हणाला.

तिने दोरा ओवलाच नाही. रिकामी सुई पडद्यावर वरखाली होत राहिली, आणि त्याने बाथरूमची कडी काढल्याचं ऐकू येईपर्यंत तिने पाय थांबवला नाही.