माहेरची मोजणी

“अहो ताई, अख्ख्या गावात पोटुशी बाई एकच आहे. एकीसाठी सगळं प्रसूतिकेंद्र चालवायचं?” डॉ. शितोळे व्हरांड्याच्या पायरीवरच थांबले.

“एकच आहे. तुमचा आकडा बरोबर आहे,” विनोदिनी म्हणाली.

वाद होणार अशी तयारी करून डॉक्टर मध्य प्रदेशातल्या देवासहून निघाले होते. सतवासच्या पुढचं हे केंद्र बंद करायचा कागद जिल्ह्याचे आरोग्य अधिकारी म्हणून त्यांच्याकडे सहीला आला होता, आणि सहीआधी एकदा डोळ्यांनी बघून जा, असा हट्ट विनोदिनीने धरला होता.

विनोदिनी लोकसंख्येचा अभ्यास करणाऱ्या संस्थेत होती. दोन पावसाळे ती या भागात घरोघर हिंडली होती. तिचा अहवाल वर गेला, ‘उपयुक्त’ असा शेरा मिळवून कपाटात बसला, आणि पाठोपाठ केंद्र बंद करायचा विचार सुरू झाला. आज तिने अहवाल आणलाच नव्हता. नर्स यमुनाबाईंना सांगून गावातल्या बायका तेवढ्या अंगणात बोलावल्या होत्या.

ती बायकांसमोर जाऊन उभी राहिली. आपला हिशेब चुकला असेल, तर या केंद्राला आजच कुलूप लागणार होतं.

“जिनका ससुराल यहाँ है, वो नीम के नीचे बैठो. और जिनका पीहर यहाँ है, वो इधर बरामदे में आ जाओ.”

सासरच्या एकीकडे, माहेरच्या दुसरीकडे, असा अंगणात हलकल्लोळ उडाला. लिंबाखाली सासवा बसल्या, आजेसासवा बसल्या, दोन-चार तरण्या सुना बसल्या. व्हरांड्याकडे यायला मात्र वेळ लागत होता. कारण उठणारी प्रत्येक बाई आधी हात जमिनीला टेकत होती, मग कमरेला. एक पोटुशी आली, दुसरी आली. मग एकदम चौघी-पाचजणी, एकमेकींना धरून. पायरी अपुरी पडली, तशी यमुनाबाईंनी आतून बाक ओढून आणला. सगळ्यांत शेवटी सीता आली. तिला दोन्ही बाजूंनी धरावं लागलं. दिवस भरत आले होते.

डॉक्टर पायरी उतरून खाली आले.

“आप कहाँ रहती हैं?”

“पीथमपुर,” सीता धापा टाकत म्हणाली. “ये कारखाने में हैं.”

“और आप?”

“पीथमपुर.”

“इंदौर.”

“पीथमपुर, साब.”

“तो वहीं अस्पताल में क्यों नहीं?”

सीताने त्यांच्याकडे पाहिलं, जणू हा एवढा शिकलेला माणूस असं काय विचारतो. “वहाँ एक कमरा है, साब. ये रात की ड्यूटी पे. म्हारी माँ तो यहाँ है.”

डॉक्टरांनी विनोदिनीकडे वळून विचारलं, “आणि आमच्या आकड्यातली ती एक? ती कोणती?”

विनोदिनीने लिंबाखालच्या मोनाला उभं केलं. गावची सून, पाचवा महिना. तिला बाळंतपणाचं विचारलं. “मोना, जचकी कहाँ होगी तेरी?”

मोनाने पदर पुढे ओढला. “लोहारदा. म्हारी माँ के याँ.”

आधी सासवा हसल्या, मग सगळं अंगण हसलं. डॉक्टरांनाही हसू आवरेना.

“म्हणजे जी मोजली ती इथे बाळंत होणार नाही,” ते म्हणाले, “आणि ज्या होणार, त्या तिकडे धार-इंदूरला मोजल्या गेल्यात!”

“बाई राहते कुठे, एवढंच आपण विचारतो, डॉक्टरसाहेब. बाळंतपणाला कुठे जाणार, हे कुणी विचारतच नाही.”

“आता विचारतील. जिल्ह्यातल्या प्रत्येक बाईला विचारतील. धारच्या साहेबांशी मी बोलतो, पीथमपूर त्यांच्याकडे आहे.” त्यांनी यमुनाबाईंकडे वळून पाहिलं. “केंद्र बंद होत नाही. सांगा सगळ्यांना. आणि मला दुसरी एक नर्स मागावी लागेल.”

यमुनाबाईंना सांगावं लागलंच नाही. मराठीतलं तेवढं सगळ्यांना कळलं होतं. सीताच्या आईने व्हरांड्यात येऊन विनोदिनीचे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले आणि सोडलेच नाहीत. दोन पावसाळे विनोदिनी कोरड्या डोळ्यांनी आकडे मांडत आली होती. आज तिला समोरचं काही नीट दिसेना.

डॉक्टर मात्र मोनाकडे बघत होते. त्यांनी खिशातून फोन काढला.

“लोहारदा केंद्र? डॉक्टर शितोळे बोल रहा हूँ. सुनो, आपके गाँव की एक बिटिया दिवाली बाद घर आ रही है. तैयारी रखना.”