गजरा नको

“रविवारी फिक्क्या साड्या नेसून या. गजरा नको, अत्तर नको, माश्या बिथरतात,” मधपाळ मंडळाच्या सरांनी वर्गात बजावलं, तशा बायका कुरकुरल्या. सगुणाक्काला त्यात नवं काही नव्हतं. सात वर्षांमागं डोंगरावर कारवी फुलली त्याच साली तिचा नवरा गेला. तेव्हापासून ती फिक्क्या साडीत, बिनागजऱ्याचीच राहायची. धाकटी जाऊ शैला घरात हळदीकुंकू करायची, तेव्हा आक्का आतल्या खोलीतून बाहेर येत नसे.

रविवारी धुकं विरता विरता ती डोंगरावर पोचली. यंदा कारवी पुन्हा फुलली होती आणि सगळं जांभळं रान गुणगुणत होतं. मधमाश्यांच्या पेट्यांभोवती बायका उभ्या होत्या. सगळ्या फिक्क्या साड्यांत, फुलांविना अंबाडे, तोंडावर जाळ्या. आक्का नेहमीसारखी मागं उभी राहायला गेली, पण आज मागं कुठं राहायचं तेच तिला कळेना.

“या, तुम्ही धरा चौकट,” सर म्हणाले.

तिनं पेटीतून चौकट अलगद वर काढली. माश्यांनी भरलेलं पोळं दोन्ही हातांत उबदार थरथरत राहिलं. रानातून परतलेली एक माशी तिच्या मनगटावर उतरली, जराशी चालली आणि उडाली. माशीच्या पायांचा पराग तेवढा मनगटावर राहिला, हळदीच्या बोटासारखा पिवळा.

सगळ्यांनी पाहिलं. आक्कानं चौकट घाईनं पेटीत ठेवली आणि पदर पुढं ओढला. तेवढ्यात शेजारच्या बाईचा हात पुढं आला आणि त्यानं तिचा पदर धरला.

“पुसू नका, आक्का,” जाळीआडून शैला म्हणाली. “असू द्या.”